धुऱ्यावरून की वावरातून?

शेजारच्या नानांना दवाखान्यात आधी लघवीला जाऊन यायला सांगतात. मग अर्धा लिटर पाणी पाजतात. आणि मग बजावतात, आता तुमचा नंबर होईपर्यंत जायचं नाही. हे कानावर आल्यापासून आमच्या घरातली दोन्ही नातवंडं हसत सुटलीत.

"आबा, आजारी माणसाला असं कामून छळायलेत?" धाकट्यानं विचारलं.

नाना फुलशेतीवाले. मुदखेडचा गुलाब-मोगरा हैदराबादच्या बाजारात जातो, त्यात थोडा त्यांच्याही मळ्यातला असतो. वय सत्तरीच्या पुढं. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि आता रोजचं लाईट घेणं, म्हणजे किरणांचा इलाज, चालू आहे. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळं जिथं तिथं गणित दिसायची खोड मला आहेच. पण या पाणी पाजण्यात ते खरोखरच आहे, आणि फार सुंदर आहे. हसून झालं असेल तर ऐका.

पुरुषाच्या ओटीपोटात, अगदी तळाशी, लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट ही ग्रंथी असते. तरुणपणी वीसेक ग्रॅमची. लघवीची नळी तिच्या मधूनच जाते, म्हणून ग्रंथी वाढली की म्हाताऱ्यांना रात्री चार-चारदा उठावं लागतं. तिच्या पाठीमागं, काही मिलिमीटरवर, गुदाशयाची भिंत. दोन्ही अंगांना खुब्याचे सांधे. वर आतड्यांची वेटोळी. निसर्गानं ही जागा निवडताना डॉक्टरांचा विचार केलेला दिसत नाही. गाठ मारायची तर गाठीवरच मारा हवा, आणि आजूबाजूला सगळी नाजूक मंडळी खेटून बसलेली.

आता पाण्याचं बघा. पिशवी भरली की ती वर फुगते आणि आतड्यांना वर ढकलते. पिशवीची वरची भिंतही किरणांच्या वाटेतून दूर जाते. म्हणजे नानांना छळत नाहीत, आतड्यांना बाजूला सारायलेत, तेही कुठलीही सुरी न लावता. ही युक्ती ज्याला सुचली त्याला मी पैकीच्या पैकी देईन.

पण यात एक घोळ आहे. माणूस दिवसाला साधारण दीड लिटर लघवी करतो. दिवसात मिनिटं १,४४०. भागाकार करा. मिनिटाला एक मिलिलिटरच्या आसपास. वरून अर्धा लिटर पाणी पाजलं की हा वेग कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे नाना टेबलावर निजलेले असतानाही पिशवी फुगतच असते. गुदाशयात वायू सरकला तर प्रोस्टेटही दोन-चार मिलिमीटर हलते. पोटातली ही मंडळी फोटोला बसल्यासारखी स्थिर राहत नाहीत. आणि डॉक्टर जी योजना आखतात, ज्याला दवाखान्यात सगळे 'प्लॅनिंग' म्हणतात, ती एका दिवशी काढलेल्या सीटी स्कॅनवर आखलेली असते. ती आखायला जितका वेळ लागेल तितकी ती शिळी होत जाते. म्हणून जगभरातले गणिती आणि डॉक्टर गेली चाळीस वर्षं या प्लॅनिंगचा वेळ कमी करायच्या मागं लागलेत. ती गोष्ट आज सांगायची आहे.

"पण लाईटनं भाजत नाही का?" हा थोरलीचा प्रश्न. ती बारावीला आहे, तिला सोडून पुढं जाता येत नाही.

भाजत नाही. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एका किलोमागं एक जूल ऊर्जा मुरली म्हणजे एक ग्रे. रोजच्या एका लाईटला पूर्वापार २ ग्रे द्यायची पद्धत. एवढ्या ऊर्जेनं पाणी किती तापेल, याचं गणित तिनं लगेच कागदावर केलं: अंशाचा दोन हजारावा भाग. थर्मामीटरला पत्तासुद्धा लागणार नाही. आणि तरीही चार-एक ग्रे जर सगळ्या अंगावर एकदम पडले आणि उपचार मिळाला नाही, तर निम्मी माणसं दगावतात. कारण ही ऊर्जा अंगभर पसरून ऊब देत बसत नाही. ती पेशीतल्या डीएनएच्या धाग्यापर्यंत जाऊन त्याचे दोन्ही पदर तोडते. निरोगी पेशीला हा तुटलेला धागा काही तासांत बऱ्यापैकी सांधता येतो. कॅन्सरची पेशी या कामात बहुतेक वेळा कच्ची असते. म्हणून मात्रा एकदम न देता रोज थोडी द्यायची, मधल्या वेळात चांगल्या पेशींना सांधकाम करू द्यायचं. असं करत करत साठ-सत्तर ग्रे त्या एवढ्याशा ग्रंथीत नेऊन पोचवायचे.

पोचवायचे, पण कुठून? विल्हेल्म राँटगेननं १८९५ साली क्ष-किरण शोधले, त्यानंतर काही महिन्यांतच लोक ते गाठींवर मारून बघायला लागले. अडचण तेव्हाही हीच होती आणि आजही हीच आहे: किरण गाठीशी थांबत नाही. लिनॅक नावाच्या यंत्रातून निघालेला नेहमीचा किरण कातडीच्या आत दीड सेंटिमीटरवर सर्वांत जोरात असतो. दहा सेंटिमीटर खोल जाईतो त्याचा जोर दोन-तृतीयांशावर येतो, आणि प्रोस्टेट जवळपास तेवढी खोल असते. म्हणजे एकाच बाजूनं मारलं तर गाठीपेक्षा वाटेतल्या मांसालाच जास्त लागणार. यावर तोड एकच. वेगवेगळ्या दिशांनी मारा, म्हणजे सगळे किरण फक्त गाठीत एकत्र येतील.

आजचं यंत्र माणसाभोवती गोल फिरतं. त्याच्या तोंडाशी टंगस्टन धातूच्या पातळ पट्ट्यांच्या जोड्या असतात, बऱ्याच यंत्रांत साठ. प्रत्येक पट्टी स्वतंत्र मोटरनं पुढं-मागं सरकते. यंत्र फिरता फिरता या पट्ट्या किरणाचा आकार बदलत राहतात. कार्ल ओटो नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञानं २००८ साली ही फिरत फिरत किरण देण्याची रीत पक्की करून दाखवली. आता एक फेरी एक-दोन मिनिटांत होते. नानांना वाटतं, मशीन नुसतं गरगर फिरलं आणि झालं. पण कुठल्या कोनात कुठली पट्टी कुठं असावी आणि त्या क्षणी किरण किती जोरात सोडावा, हे सगळं आधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं.

कसं ठरवतात? उलटं. पूर्वी डॉक्टर किरण मांडायचे आणि मग बघायचे, कुठं किती पडलं. १९८२ साली स्टॉकहोमच्या अँडर्स ब्राह्मे यांनी सहकाऱ्यांबरोबर प्रश्नच फिरवला: कुठं किती पडायला हवं ते मी आधी सांगतो, आता किरण कसे मांडायचे ते गणितानं सांगावं. सीटी स्कॅन वेगवेगळ्या दिशांच्या क्ष-किरणांवरून आतलं चित्र उभं करतो. इथं चित्र हातात आहे आणि त्यावरून किरण काढायचेत. सोपं वाटतं ना? पण गणितानं काय उत्तर द्यावं! काही जागी म्हणे उणे प्रकाश सोडा. शून्यापेक्षा कमी किरण. कागदावर चालेल, यंत्रातून कसा काढणार? गुदाशयात जास्तीचा पडलेला किरण मागाहून वजा करता येत नाही. म्हणून नेमकं हवं तसं उत्तर मिळणारच नाही, हे आधी कबूल करावं लागलं. राहिलं काय, तर जे शक्य आहे त्यातलं सगळ्यांत बरं शोधणं.

आता वही घ्या. गणित खरं आहे, आकडे मी सोयीसाठी धरलेत.

समजा फक्त दोनच किरण आहेत. एक मागून येतो, त्याचे अ ग्रे. एक पुढून, त्याचे ब ग्रे. गाठीला दोन्ही पूर्ण मिळतात, म्हणजे अ + ब. मागचा किरण गुदाशयातून येतो, म्हणून त्याचा ०.८ भाग गुदाशयाला बसतो आणि ०.२ भाग लघवीच्या पिशवीला. पुढच्याचा ०.४ भाग गुदाशयाला आणि ०.६ पिशवीला. डॉक्टर म्हणतात, गुदाशयाला ४० च्या वर जाऊ देणार नाही आणि पिशवीला ३० च्या वर. गाठीला जास्तीत जास्त किती देता येईल?

धाकट्यानं सगळं मागूनच देऊन बघितलं. ५० वर गुदाशय भरला. सगळं पुढून दिलं, पुन्हा ५० वर पिशवी भरली. थोरलीनं दोन समीकरणं मांडली आणि सोडवली: मागून ३०, पुढून ४०. बेरीज ७०. दोघांच्याही मर्यादा शेवटच्या ग्रेपर्यंत वापरल्या आणि गाठीला एकट्या-दुकट्या किरणापेक्षा २० ग्रे जास्त मिळाले. कुठलंही नवीन यंत्र नाही, नुसती वाटणी बदलली.

हेच आलेखावर काढलं तर चार कोपऱ्यांचं वावर तयार होतं. वावरात कुठंही उभं राहिलात तर मर्यादा पाळल्या जातात, धुऱ्याबाहेर पाय टाकला की मोडल्या. आणि गंमत अशी, की सगळ्यांत चांगली जागा अशा वावरात नेहमी एखाद्या कोपऱ्यावरच सापडते. अमेरिकेच्या जॉर्ज डँट्झिगनं १९४७ साली सांगितलेली रीत याच आधारावर आहे. धुऱ्याधुऱ्यानं चालायचं. एका कोपऱ्यावर पोचलो की बघायचं, शेजारचा कोपरा याहून बरा आहे का. असेल तर तिकडं, नसेल तर मुक्काम. आपल्या चार कोपऱ्यांच्या वावरात दोन पावलांत काम होतं. पण खऱ्या रुग्णाच्या प्लॅनिंगमध्ये दोन किरण नसतात. पट्ट्यांमुळं किरणाचे हजारो बारीक तुकडे पडतात, आणि पोटाचे लाखो ठोकळे करून प्रत्येकाला किती पोचलं ते बघायचं असतं. त्या वावराला दोन नाही, हजारो दिशा. कोपरे किती, ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

इथं आपला माणूस येतो. नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला जन्म, १९७८ साली मुंबईच्या आयआयटीतून पदवी, पुढं अमेरिकेत बर्कलीला डॉक्टरेट आणि मग बेल लॅब्जमध्ये नोकरी. १९८४ साली, वय तिशीच्याही आत असताना, त्यांनी विचारलं, धुऱ्यावरूनच का जायचं? वावरात शिरा. मधून तिरपे चला, धुऱ्यापासून अंतर राखत, आणि थेट त्या कोपऱ्याच्या रोखानं निघा. हे पूर्वी कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. पण कितीही मोठं वावर असलं तरी पावलं आवाक्यात राहतात हे सिद्ध करणारी आणि शिवाय संगणकावर खरोखर उपयोगी पडणारी रीत करमरकरांनी दिली. त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सनं ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताची बातमी, पहिल्या पानावर! नंतर बेल लॅब्जच्या कंपनीनं या रीतीचं पेटंट घेतलं आणि गणिताचंही पेटंट असतं का, म्हणून मोठा वाद झाला. मला विचाराल तर नसावं. बेरीज-वजाबाकीवर कुणी कुंपण घातलेलं मला आवडणार नाही. पण करमरकरांचं काम त्या वादापेक्षा खूप मोठं आहे.

त्यांच्यानंतर 'आतून जाणाऱ्या' रीतींचं कूळच तयार झालं. रेल्वे-विमानांची वेळापत्रकं, विजेचं वाटप, कारखान्यांची आखणी, सगळीकडं ते पसरलं. आणि रेडिएशनच्या खोलीतही आलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये 'इको' नावाची प्लॅनिंगची स्वयंचलित रीत २०१७ पासून रुग्णांसाठी वापरतात. तिच्या पोटात याच कुळातलं गणित चालतं. एरवी काय होतं? फिजिसिस्ट, म्हणजे दवाखान्यात किरणांचा हिशेब बघणारा माणूस, संगणकाला सांगतो, गुदाशयाला इतकं महत्त्व दे, पिशवीला इतकं. संगणक उत्तर काढतो. फिजिसिस्ट बघतो, मान हलवतो, आकडे बदलतो, पुन्हा काढायला लावतो. यात कधी काही तास जातात, कधी दिवस. 'इको'त ही ये-जा नाही. न मोडायच्या मर्यादा आधी पक्क्या करायच्या. मग पहिल्या महत्त्वाची गोष्ट जितकी साधेल तितकी साधायची, ती बिघडू न देता दुसरी, मग तिसरी. एवढं सांगून माणसानं उठायचं, उत्तर संगणक आणून देतो.

घाईची खरी परीक्षा मात्र प्रोस्टेटच्याच एका वेगळ्या इलाजात झाली. त्यात किरण बाहेरून येत नाहीत. आयोडीन-१२५ भरलेल्या टायटॅनियमच्या बारीक कांड्या, लांबी साडेचार मिलिमीटर, सुयांनी थेट ग्रंथीत पेरतात. त्यांना 'बिया'च म्हणतात. त्या आत राहतात आणि त्यांचा जोर दर दोन महिन्यांनी साधारण निम्मा होत जातो. पूर्वी ग्रंथीचा फोटो काढून, कुठं कुठं बी पेरायचं त्याचा नकाशा ऑपरेशनच्या काही दिवस किंवा आठवडे आधी करून ठेवत. ऑपरेशनच्या दिवशी बघावं तर ग्रंथीचा आकार वेगळा, माणूस निजलाय तो कोन वेगळा, सुया शिरल्या की सूज वेगळी. नकाशा एकीकडं आणि ग्रंथी एकीकडं. मग त्याच टेबलावर, भूल दिलेली असताना, ताज्या सोनोग्राफीवरून नवा नकाशा का करू नये? कारण त्याला वेळ लागत होता. आणि भूल दिलेल्या माणसाला ताटकळत ठेवता येत नाही.

थोरलीला मी सांगितलं, शंभर जागा आहेत, प्रत्येक जागी बी एकतर आहे किंवा नाही. किती प्रकार? तिनं दोनाचा शंभरावा घात काढला. एकतीस आकडी संख्या. सेकंदाला शंभर कोटी प्रकार तपासणारा संगणक बसवला तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या जवळजवळ तीन हजार पट वेळ लागेल. शिवाय इथं करमरकरांची वाट एकटी पुरत नाही. ३०.४ ग्रे देता येतात, पण अर्धं बी पेरता येत नाही. ईव्हा ली आणि मार्को झायडर यांनी अशा वेळची वेगळी रीत बसवली. प्रकारांचे गट पाडायचे आणि एखाद्या गटातून चांगलं उत्तर निघूच शकत नाही असं आधीच दाखवता आलं की तो अख्खा गट न तपासता सोडून द्यायचा. एकतीस आकडी ढीग सोडत सोडत उत्तर ऑपरेशनच्या टेबलाशीच मिळू लागलं, आणि नकाशा त्या क्षणाच्या ग्रंथीला बसू लागला. या कामाला २००७ चा फ्रान्झ एडलमन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार गणित प्रत्यक्ष कामाला लावणाऱ्यांना देतात.

आता आपल्याकडं या. मुंबईचं टाटा मेमोरियल १९४१ साली उघडलं. तिथल्या डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्णांवर एक प्रश्न तपासला. आजार पसरायचा धोका जास्त असलेल्या प्रोस्टेटच्या रुग्णाला फक्त ग्रंथीवर किरण द्यावेत, की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही द्यावेत? चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटले. दोघांनाही २५ लाईट. ग्रंथीला ६८ ग्रे दोन्हीकडं, पण दुसऱ्या गटात लसिकाग्रंथींना आणखी ५० ग्रे. निकाल २०२१ साली छापून आला. पाच वर्षांनंतर रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजाराची खूण, पुन्हा न वाढलेले रुग्ण पहिल्या गटात ८१.२ टक्के, दुसऱ्यात ९५ टक्के. पाच वर्षांत एकूण जगण्याच्या आकड्यात मात्र ठळक फरक नव्हता, आणि लघवीचे त्रास दुसऱ्या गटात जास्त होते. हे लपवून सांगण्यात अर्थ नाही.

पण मला या प्रयोगात वेगळंच दिसतं. ५० ग्रे लसिकाग्रंथींना द्यायचे म्हणजे किरणांना आतड्यांच्या वेटोळ्यांच्या अगदी शेजारून न्यायचं. जुन्या चौकोनी किरणांनी हे केलं असतं तर आतड्यांना कितीतरी जास्त बसलं असतं. पट्ट्या आणि उलटं गणित हाताशी होतं म्हणून आतडी सांभाळून हा प्रश्न तपासायची सोय झाली. आणि प्लॅनिंग जितकं अवघड, तितका फिजिसिस्टचा वेळ जास्त जातो. मुंबईत देशभरचे रुग्ण येतात. एकेका प्लॅनमागं दोन तास वाचले, तर रांगेतल्या पुढच्या माणसाचा नंबर तितका अलीकडं येतो.

आपल्या माणसांच्या बाबतीत वेळ तर आणखी वेगळ्या रीतीनं मोजावा लागतो. मुदखेड जंक्शनवर उभं राहिलं तर एक गाडी हैदराबादकडं जाते आणि दुसरी मनमाडवरून मुंबईकडं. आपल्याकडचे कॅन्सरचे रुग्ण याच दोन दिशांना वाटले जातात. कुणी लातूरला जातं, कुणी संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर रुग्णालयात, कुणी बार्शीला. कुठंही गेलात तरी २५ लाईट म्हणजे आठवड्याला पाच, असे पाच आठवडे. बरोबर एक माणूस, त्याचीही रोजी बुडते. ऐन फुलांच्या हंगामात पाच आठवडे मळा कोण बघणार? ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडात ८७४ रुग्णांवर झालेल्या 'पेस-बी' नावाच्या प्रयोगात फक्त पाच लाईट देऊन बघितले, एकूण ३६.२५ ग्रे. आजार अजून ग्रंथीतच असलेले हे रुग्ण होते. २०२४ मध्ये आलेल्या निकालात पाच वर्षांनंतर पाच लाईटवाले ९५.८ टक्के ठीक होते, जास्त लाईटवाले ९४.६ टक्के. धोका जास्त असलेल्या रुग्णांना हेच चालेल का, ते टाटामध्ये 'प्राइम' नावाच्या प्रयोगात तपासतात. पाच आठवड्यांऐवजी पाच लाईट झाले तर शेतकऱ्याला त्याचं मोल मी काय सांगावं!

पण एका वेळी सात ग्रे द्यायचे असले तर नेम चुकवून चालत नाही. दोन मिलिमीटर ग्रंथी सरकली आणि तेवढ्या जोराचा मारा गुदाशयावर पडला, असं व्हायला नको. म्हणून काही ठिकाणी आता लिनॅकलाच एमआरआय जोडलेला असतो. माणूस टेबलावर निजला की त्या घडीचं चित्र काढायचं आणि प्लॅन तिथल्या तिथं नव्यानं करायचा. आणि तो करेपर्यंत मिनिटामिनिटाला पिशवी भरतच असते. गणिताला दहा मिनिटं जास्त लागली की ज्या पोटासाठी उत्तर काढलं ते पोटच तिथं राहत नाही.

"मग सगळं संगणकालाच करू द्यायचं की!" धाकटा म्हणाला.

टोरांटोच्या प्रिन्सेस मार्गारेट रुग्णालयात हे करून बघितलंय, तेही प्रोस्टेटच्याच शंभर रुग्णांवर. संगणकाला जुने प्लॅन दाखवून शिकवलं आणि मग त्याचा प्लॅन आणि माणसाचा प्लॅन, कुठला कुणाचा हे न सांगता, डॉक्टरांपुढं ठेवले. १०० पैकी ८९ वेळा संगणकाचा प्लॅन चालण्याजोगा ठरला. ७२ वेळा डॉक्टरांनी माणसाचा बाजूला ठेवून संगणकाचाच निवडला. प्लॅनिंगचं सगळं काम पूर्वी ११८ तास चालायचं, ते ४७ तासांवर आलं. पण त्यातला एक आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. पहिल्या ५० रुग्णांचा इलाज आधीच झालेला होता, ती नुसती तालीम होती. तिथं संगणकाचा प्लॅन ८३ टक्के वेळा निवडला गेला. पुढच्या ५० जणांना खरोखर लाईट द्यायचे होते. तिथं आकडा ६१ वर आला. संगणकाच्या प्लॅनचा दर्जा फारसा घसरला नव्हता. डॉक्टरांचा हात आखडला होता. समोर कागद नाही, माणूस आहे म्हटल्यावर आखडणारच. हे वाचून मला डॉक्टरांचा राग आला नाही. उलट थोडा धीर आला.

आणि प्लॅन निवडला म्हणून लगेच कुणाला टेबलावर घेत नाहीत. आपल्याकडं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय असं यंत्र चालवताच येत नाही. फिजिसिस्ट त्या नव्या प्लॅनप्रमाणं यंत्र आधी रिकामं फिरवतो. टेबलावर माणसाऐवजी प्लास्टिकचा ठोकळा ठेवतो, त्यात किरण मोजणारे बारीक ठिपके बसवलेले असतात. संगणकानं सांगितलं ते आणि प्रत्यक्ष पडलं ते जुळवून बघतो. ९५ टक्के ठिपके तीन टक्के आणि दोन मिलिमीटरच्या आत बसले तर ठीक, नाही तर पुन्हा पाटी पुसून सुरुवात. आकडेमोड मिनिटांत झाली तरी ही तपासणी रुग्ण घरी गेल्यावर, संध्याकाळी उशिरापर्यंत चाललेली असते. थोरलीला फिजिक्सची आवड आहे. तिला मी सांगून ठेवलंय, या नोकरीकडं लक्ष असू दे.

तिचं लक्ष मात्र अजून वहीतच होतं. "आबा, गुदाशयाला ४० ऐवजी ३६ चीच परवानगी दिली तर?"

सोडव म्हटलं. तिनं सोडवलं. मागून २४, पुढून ४२. बेरीज ६६. ३२ धरले तर मागून १८, पुढून ४४. बेरीज ६२. गुदाशयाचे जितके ग्रे वाचवले, नेमके तितकेच गाठीचे गेले. मग तिनं पिशवीची मर्यादा ३० वरून २७ वर आणली. गाठीला ६७. तिथंही तोच भाव, एकास एक.

"म्हणजे संगणक हेही सांगतो, की कशाची किंमत किती पडेल?"

सांगतो. खऱ्या प्लॅनमध्ये हा भाव जागोजागी वेगळा असतो आणि तो मिनिटांत समोर येतो. पण ४० धरायचे की ३६, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. एखाद्याला साखरेचा आजार आहे, एखाद्याचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालंय, एखादा म्हणतो, मला रोज बसनं ये-जा करावी लागते, वाटेत संडासला उतरता येत नाही. हे सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. ते डॉक्टरला विचारून घ्यावं लागतं आणि रुग्णानं न लाजता सांगावं लागतं. प्लॅनिंगचे वाचलेले तास त्यासाठी वापरता येतात.